ब्राऊन मागितलं, ब्राऊनच दिलं

मेकॅनिकल की-बोर्ड घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: रेड, ब्राऊन की ब्लू? मला फसवलं ते याच रंगांच्या आडून, म्हणून आधी रंगांचं सांगते.

साध्या की-बोर्डात सगळ्या बटणांखाली मिळून एकच रबरी थर असतो. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच. त्यात एक स्प्रिंग, वर-खाली होणारा प्लॅस्टिकचा दांडा (स्टेम) आणि धातूच्या दोन पत्त्या. पत्त्या टेकल्या की अक्षर उमटतं. स्टेम गुळगुळीत असेल तर बोट सरळ खाली जातं, तो रेड. वाटेत एक बारीक उंचवटा लागतो, तो ब्राऊन. उंचवट्याबरोबर टकटक आवाजही येतो, तो ब्लू. रेड आणि ब्राऊन दोन्ही साधारण २ मिलिमीटर दाबल्यावर लागतात (म्हणजे अक्षर उमटतं) आणि ४ मिलिमीटरवर तळ गाठतात. सिल्व्हर नावाचा एक प्रकार १.२ मिलिमीटरवरच लागतो. गेमवाल्यांना तो आवडतो. पण बोटं बटणांवर टेकवून विचार करायची सवय असलेल्या माझ्यासारखीने तो घेतला, तर न लिहिलेली अक्षरं आपोआप उमटत राहतील. ब्लूचा विचारच केला नाही. आमच्या सोसायटीच्या भिंती पातळ आहेत.

हे रंग मुळात जर्मनीच्या चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचचे. ते स्विच १९८० च्या दशकात आले. पेटंटची मुदत संपल्यावर गॅटेरॉन, केल, आउटेमू अशा चिनी कंपन्या त्याच आकाराचे, त्याच रंगांचे स्विच काढू लागल्या. त्यात वावगं काही नाही, काहींचे स्विच उत्तम आहेत आणि स्वस्तही. पण आज 'ब्राऊन' म्हटल्यावर तो कुणाचा, नवा की जुना, यातलं काहीच कळत नाही. दुकानदारांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

मी डोंबिवलीत घरूनच अनुवाद आणि डीटीपीची कामं करते. दिवसभर इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण की-बोर्ड रचनेत, मराठी टाइप करायचं. इंजिनिअरिंगला असलेला भाचा आमच्याकडेच राहतो आणि रात्री त्याच मशीनवर व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम खेळतो. त्याला रेड हवा होता, मला ब्राऊन. गंमत अशी की खेळात पळण्याची जी चार बटणं, डब्ल्यू, ए, एस आणि डी, तीच इन्स्क्रिप्टमध्ये अनुक्रमे दोन मात्रा, काना-मात्रा, एक मात्रा आणि हलन्त. मराठीत जोडाक्षरांचा सुकाळ, त्यामुळे डीवर माझं बोट दिवसभर आपटत असतं. आणि त्याचं म्हणणं, "मावशी, डी सोडल्या सोडल्या माणूस थांबला पाहिजे, नाहीतर मी मेलो."

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात यावर तोडगा निघाला. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. तोडगा म्हणजे हॉटस्वॅप की-बोर्ड. यात स्विच सोल्डर केलेले (डाख देऊन पक्के केलेले) नसतात, सॉकेटमध्ये नुसते खोचलेले असतात आणि चिमट्याने उपटून बदलता येतात. सगळीकडे ब्राऊन आणि त्या चार बटणांखाली रेड, दोघांचं भागेल. दुकानदार बोलायला गोड. काउंटरवरच्या डेमो पीसचं बटण उपटून त्याने आतला स्विच दाखवला. वर चेरीचं नाव कोरलेलं होतं. मी दोन-तीन वाक्यं टाइप करून पाहिली. हाताला इतकं छान लागलं की तिथेच ठरवून टाकलं. "सेम टू सेम पॅक पीस देतो," म्हणून आतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला बॉक्स आणला. सील फोडलं तर परत घेणार नाही, हेही सांगून ठेवलं. ५,८०० रुपये की-बोर्डाचे आणि चार सुट्या रेड स्विचचे वेगळे.

ते सील कंपनीचं नव्हतंच. असे की-बोर्ड बऱ्याचदा स्विचविना, रिकामे येतात आणि दुकानात त्यात स्विच भरले जातात. भरून झालं की हीटगनने वर प्लॅस्टिक चढवायला दोन मिनिटं लागतात. कंपनीच्या वेष्टणावर सहसा छापील स्टिकर किंवा बॅच नंबर असतो. या बॉक्सवर साधं पारदर्शक प्लॅस्टिक होतं, कडेला वितळून गोळा झालेलं.

काम सुरू केलं तेव्हा बोटांना बटणं एकसारखी लागेनात. एक मऊ, शेजारचं घट्ट. नवीन आहे, बसेल हाताला, असं घरात सगळे म्हणत होते. मग कान्याचा घोळ सुरू झाला. इन्स्क्रिप्टमध्ये काना ई या बटणावर असतो. एकदा दाबलं की कधीकधी दोन काने पडायचे आणि दुसरा काना ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेला दिसायचा. एका प्रकाशनाच्या मुद्रितशोधक बाईंनी फोन करून विचारलं, "अहो, ही वर्तुळं कसली?" याला चॅटरिंग म्हणतात. आतल्या पत्त्या झिजल्या किंवा मळल्या की त्या टेकताना थरथरतात आणि एका दाबाचे दोन होतात. भाच्याने सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्स, म्हणजे अशी थरथर दुर्लक्षून थांबायचा वेळ, वाढवून पाहिला. दुहेरी काने कमी झाले, पण बटण उशिरा लागतंय म्हणून तोच कुरकुरायला लागला.

चेरी कंपनी आपल्या रेड-ब्राऊन स्विचसाठी १० कोटी दाबांचा दावा करते. मी कितीही जोरात टाइप करत असले तरी नव्या स्विचची इतक्यात ही गत होणार नाही.

मग भाच्याने नाण्यांची युक्ती केली. पाच रुपयांचं २०११ च्या मालिकेतलं पिवळं नाणं ६ ग्रॅमचं असतं. बटणाच्या मधोमध एकावर एक नाणी रचत जायचं आणि कितव्या नाण्याला अक्षर उमटतं ते बघायचं. मोजमाप ढोबळ आहे, पण एकाच जातीच्या स्विचमध्ये फार तर एखाद्या नाण्याचा फरक पडावा. आमच्याकडे ई सात नाण्यांनाच बसलं आणि शेजारचं आर अकरा नाणी ठेवली तरी ढिम्म. म्हणजे सगळे ब्राऊन खरे, पण एका जातीचे नव्हेत.

आम्ही एकेक स्विच उपटून पांढऱ्या कागदावर मांडले. वरच्या झाकणावर चेरीचं नाव एकाही स्विचवर नाही, बहुतेकांवर कुणाचंच नाही. स्विचच्या खालून तांब्याचे दोन पाय येतात. नव्या स्विचचे पाय सपाट आणि स्वच्छ असतात. इथे बऱ्याच पायांवर सोल्डरचा करडा थर होता, काहींवर टोकाला थेंब जमून सुकलेला. हॉटस्वॅपच्या स्विचला सोल्डर लागण्याचं कारणच नाही. म्हणजे हे कुठल्या तरी जुन्या की-बोर्डांतून तापवून काढलेले होते. शिवाय काही स्विचना बाजूचे प्लॅस्टिकचे दोन जादा पाय असतात, मधली खुंटी धरून त्यांना पाच-पिनी म्हणतात. आमच्यातल्या काहींचे ते पाय कटरने छाटलेले होते आणि छाटल्याच्या खुणा पिवळ्या पडल्या होत्या.

नुकसान स्विचपुरतंच राहिलं नाही. सोल्डरने जाड झालेला पाय सॉकेटमध्ये दाबून घातला की आतली पत्ती फाकते. मग नंतर चांगला नवा स्विच घातला तरी तो सैल बसतो. भाच्याच्या चारही रेड स्विचचं तेच झालं. ते बिचारे नवेच होते, पण खेळता खेळता डी मध्येच दाद देईनासं व्हायचं. म्हणजे स्विच बदलून द्यायला दुकानदार तयार झाला असता तरी तो की-बोर्ड कामाचा उरला नव्हता.

आठवडा उलटायच्या आत बॉक्स घेऊन परत गेलो. दुकानदाराने पाय बघितलेही नाहीत. बिल मागितलं, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, ब्राऊन बोला था, ब्राऊन दिया." बिलावर खरोखर तेवढंच होतं: हॉटस्वॅप की-बोर्ड, ब्राऊन, नग एक. चेरी नाही, नवीन नाही. डेमो पीसवर त्याने जे बोटाने दाखवलं होतं, ते कागदावर कुठेच आलं नव्हतं. बिलाच्या तळाशी मात्र 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे ठळक छापलेलं. फार ताणल्यावर दुसऱ्या की-बोर्डावर दोन हजार कमी करायची तयारी दाखवली, जणू आमच्यावर मेहेरबानीच.

त्या छापील ओळीला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणंही त्यातच मोडतं. म्हणून परत जायचं ते महिन्याच्या आत आणि गेल्याचा लेखी पुरावा ठेवायचा. मी त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर फोटोंसह तक्रार पाठवली आणि मागोमाग रजिस्टर पोस्टाने पत्र. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घेतला. तिथून समेटाचा प्रयत्न होतो, दुकानदार बधलाच नाही तर पुढे आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे मला मुंबईला खेटे घालावे लागले नाहीत, ठाण्याच्या जिल्हा आयोगात अर्ज दिला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लावायची सक्ती नाही. अर्ज मी मराठीतच टाइप केला, जुन्या रबरी की-बोर्डावर.

आता यात लोकांना ठाऊक नसलेली एक मेख आहे. दुकानदाराने लेखी उत्तर दिलं: की-बोर्ड हॉटस्वॅप आहे, स्विच कुणालाही बदलता येतात, तेव्हा ग्राहकानेच चांगले स्विच काढून जुने घातले असावेत. वाचून हात थरथरले, पण मुद्दा वकिली आहे आणि तो हॉटस्वॅप घेणाऱ्या प्रत्येकाविरुद्ध वापरता येईल. सोल्डर केलेल्या की-बोर्डाला हे बोलता आलं नसतं.

आमचं नशीब असं की भाच्याने मित्रांना दाखवायला बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढला होता. त्यात प्लॅस्टिक फोडण्यापासून ते रेड बसवण्यासाठी पहिले चार ब्राऊन उपटेपर्यंत सगळं सलग आहे, मध्ये कट नाही. डीखालचा स्विच तो टेबललॅम्पसमोर धरतो तेव्हा पायावरचा सोल्डरचा थेंब स्पष्ट दिसतो, आणि मागून माझा आवाज येतो, "ते काय लागलंय रे त्याला?" हॉटस्वॅप घेणार असाल तर असा व्हिडिओ काढाच, शक्यतो दुकानातच, पैसे देण्याआधी. आणि खराब स्विच हाती लागले तर पाय खरवडून साफ करू नका, ते सोल्डरच पुरावा असतं.

व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून आयोगात दिला आहे. स्विच, प्लॅस्टिकचं वेष्टण आणि बिल एका पाकिटात सीलबंद ठेवलंय. पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे.