जीलिब : काही महिन्यांच्या वापरानंतर

मराठी मजकुरात कोणता शब्द किती वेळा येतो हे मोजणारा एक प्रोग्राम मी सी भाषेत लिहीत असून, त्यासाठी गेले काही महिने जीलिब ही लायब्ररी नियमित वापरत आहे. ती जीटीके या ग्राफिकल इंटरफेस बनवण्याच्या लायब्ररीच्या कामातून निघाली असली तरी खिडक्या आणि बटणांशी संबंध न ठेवता स्वतंत्रपणे वापरता येते. सीच्या मानक लायब्ररीत नसलेले हॅश टेबल (की म्हणजे खूण देऊन तिची व्हॅल्यू म्हणजे मूल्य शोधण्याचा तक्ता), लिंक्ड लिस्ट (दुव्यांनी जोडलेली यादी), गरजेप्रमाणे वाढणारे अ‍ॅरे आणि स्ट्रिंग तिच्यात तयार मिळतात.

मला तिचा सर्वांत मोठा फायदा वेगात नव्हे, तर मेमरीची मालकी, म्हणजे ती कोणी मोकळी करायची हे, ठरवण्यात जाणवला. जी_हॅश_टेबल_न्यू_फुल या फंक्शनला की आणि व्हॅल्यू मोकळी करणारी फंक्शने सुरुवातीलाच देता येतात. त्यानंतर जी_हॅश_टेबल_इन्सर्टला दिलेली की टेबलात आधीपासून असेल, तर जुनी की तशीच राहते आणि आपण दिलेली नवी की मोकळी केली जाते. जी_हॅश_टेबल_रिप्लेस नेमके उलट करते. म्हणून इन्सर्ट केल्यावर आपल्या हातातील पॉइंटर (मेमरीतील जागेचा पत्ता) पुन्हा वापरू नये. हा नियम दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेला आहे, आणि अशी स्पष्टता सीमध्ये दुर्मीळच.

देवनागरीसाठी युनिकोडची फंक्शने फार उपयोगी पडली. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ कधी एकाच कोडचा असतो, तर कधी र आणि नुक्ता अशा दोन कोडांचा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण हॅश टेबलाच्या लेखी ते वेगळे शब्द ठरतात. जी_यूटीएफ८_नॉर्मलाइझ हे दोन्ही प्रकार एकरूप करते. मात्र र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह) अशा क्रमाने टंकलेला तिसरा प्रकार त्यातून सुटतो, कारण युनिकोडचे नियमच तो समतुल्य मानत नाहीत. त्याची जुळणी स्वतःच लिहावी लागते. जी_यूटीएफ८_स्ट्रलेनही कोडच मोजते, त्यामुळे ‘क्षि’ची लांबी चार येते. अक्षरे मोजायची असतील तर तिच्यावर विसंबू नये.

तक्रारीही आहेत. सर्व काही जीपॉइंटर या कशाकडेही निर्देश करू शकणाऱ्या पॉइंटरमधून जात असल्याने चुकीच्या प्रकारचा पॉइंटर टेबलात टाकला तरी कंपाइलर चकार शब्द काढत नाही. जी_पीटीआर_अ‍ॅरे_सॉर्टच्या तुलना फंक्शनला घटक नव्हे, तर घटकाच्या पॉइंटरचा पॉइंटर मिळतो, आणि हे ध्यानात न ठेवल्यास यादी विस्कळीत लागते. जीलिस्ट या लिंक्ड लिस्टच्या शेवटी घटक जोडताना दर वेळी संपूर्ण यादी चालावी लागते. त्या कामासाठी जीक्यू (दोन्ही टोकांना घटक जोडता येणारी रांग) किंवा अ‍ॅरे बरा. (जीलिस्ट इतकी लोकप्रिय का आहे, हे मला अजून उमगलेले नाही.)

व्हेरिएबलचे काम संपताच त्याची मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या जी_ऑटोफ्री आणि जी_ऑटोपीटीआर यांमुळे कोड बराच आटोपशीर होतो, पण त्यांना जीसीसी किंवा क्लँग हा कंपाइलर लागतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरवर ती चालत नाहीत.

याहून गंभीर मर्यादा मेमरी मागून घेणाऱ्या जी_मॅलॉकची आहे. मेमरी न मिळाल्यास ते आपल्या कोडला त्रुटी न कळवता प्रोग्रामच बंद पाडते. डेस्कटॉपवरील साधनासाठी हे चालून जाते, परंतु कधीही थांबू नये अशा एखाद्या छोट्या उपकरणातील प्रोग्रामसाठी मी जीलिब निवडणार नाही. तेथे एकाच हेडर फाइलमध्ये मावणारे यूटीहॅश हे हॅश टेबल अधिक सोयीचे ठरेल, मग स्ट्रक्टमध्ये त्याचा हँडल (जोडणीचे फील्ड) घालावा लागला आणि मॅक्रोंमधील चुका शोधताना डोळे ताणावे लागले तरी चालेल.