सर्वसत्ताधीश खलनायक आणि त्याच्या मर्यादा : 'कर्स ऑफ स्ट्राड'चे परीक्षण

ज्याच्या राज्यात त्याच्या इच्छेशिवाय पानही हलत नाही, अशा राजाविरुद्ध रोलप्लेइंग खेळातले (ज्यात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे नेतो) साहस, म्हणजे खेळण्यासाठीची कथा, रचताना एक प्रश्न टाळता येत नाही : तो नायकांना पहिल्याच रात्री ठार का करत नाही? पुष्कळ तयार साहसे या प्रश्नाकडे डोळेझाक करतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीसाठी विझर्ड्स ऑफ द कोस्टने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले 'कर्स ऑफ स्ट्राड' हे २५६ पानांचे पुस्तक मात्र त्या प्रश्नाच्या उत्तरावरच उभे आहे. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांच्या १९८३ मधील 'रेव्हनलॉफ्ट' या ३२ पानी साहसाचा हा विस्तार आहे.

बरोव्हिया या धुक्याने वेढलेल्या खोऱ्यावर काउंट स्ट्राड हा रक्तपिपासू पिशाच्च (व्हँपायर) राज्य करतो. त्याचे चॅलेंज रेटिंग (शत्रू किती जड आहे हे सांगणारा आकडा) १५ आहे आणि खेळाडूंची पात्रे साहसाच्या शेवटीही जेमतेम दहाव्या लेव्हलपर्यंत, म्हणजे ताकदीच्या दहाव्या पायरीपर्यंत, पोहोचतात. म्हणजे मारायचे ठरवले तर तो केव्हाही मारू शकतो. पण ज्या धुक्यातून प्रजेची सुटका नाही, त्यातून त्याचीही नाही. तो आपल्याच राज्याचा कैदी आहे आणि शतकांच्या एकाकीपणाने कंटाळलेला आहे. तात्याना या तरुणीच्या हव्यासापोटी त्याने सख्ख्या भावाचा खून केला, तिने त्याच्या गडावरून उडी घेतली आणि तिचाच आत्मा इरीना या तरुणीच्या रूपाने परतला आहे, असे तो मानतो. तिला मिळवणे आणि आपल्या जागी बसवण्याजोगा कोणी सापडतो का ते पाहणे, हे त्याचे हेतू असल्यामुळे नायकांना खेळवत ठेवण्यात त्याचा स्वार्थ आहे. त्यामुळे डंजन मास्टर (खेळ चालवणारा) त्याला कधीही रस्त्यात आणू शकतो, जेवणाचे आमंत्रण धाडू शकतो आणि रक्त न सांडता परतही पाठवू शकतो. कोणालाही हे ओढूनताणून केलेले वाटत नाही.

त्याला हरवण्याची वाटही नीट विचार करून आखलेली आहे. बरोव्हियात ऊन कधी पुरते पडतच नाही. म्हणून पिशाच्चाला घातक असा सूर्यप्रकाश देणाऱ्या तलवारीला इथे खरी किंमत आहे. ती तलवार, पवित्र चिन्ह आणि स्ट्राडची रोजनिशी कुठे आहे, मदतीला कोण येईल आणि अंतिम सामना गडात कुठे होईल, हे मादाम एव्हा या भविष्य सांगणाऱ्या बाईच्या टरोका पत्त्यांवर (टॅरोसारखे भविष्याचे पत्ते) ठरते. पुस्तक वाचून बसलेल्या खेळाडूलाही त्यामुळे उत्तरे आयती मिळत नाहीत.

माझ्या मते पुस्तकातला सर्वांत सरस भाग वल्लाकी हे गाव आहे. सगळे आनंदी राहिले तर गाव स्ट्राडच्या तावडीतून सुटेल, अशी तिथल्या बर्गोमास्टरची (गावप्रमुखाची) ठाम समजूत असून तो एकामागून एक उत्सव भरवतो आणि नाराजी दाखवणाऱ्यांना शिक्षा करतो. राजा प्रत्यक्ष समोर नसताना त्याची सत्ता कशी जाणवते, हे इथे गडाच्या कोणत्याही तळघरापेक्षा जास्त स्पष्ट दिसते.

राज्यकारभाराच्या बाबतीत मात्र पुस्तक हात आखडता घेते. प्रजा बंड का करत नाही, याचे उत्तर म्हणून दहातल्या नऊ जणांना आत्माच नाही, असे सांगितले जाते. ही कल्पना भयावह असली तरी लेखकाची सोय त्यात जरा जास्तच पाहिलेली आहे. पुस्तकातल्या विस्तानी या भटक्या जमातीचे चित्रण रोमा लोकांविषयीच्या जुन्या पूर्वग्रहांवर आधारलेले होते आणि २०२० च्या सुधारित आवृत्तीत त्यात बदल करावे लागले, त्यामुळे नव्याने घेणाऱ्यांनी तीच आवृत्ती घ्यावी. सुरुवातीचे 'डेथ हाउस' हे ऐच्छिक प्रकरण पहिल्या लेव्हलच्या पात्रांना इतके जड जाते की नवख्या गटाने ते वगळलेले बरे.

महिनोन्महिने नियमित जमणाऱ्या आणि संवादात रमणाऱ्या गटासाठी हे पुस्तक निःसंशय घ्यावे. डंजन मास्टरने पत्ते मात्र पहिल्या बैठकीपूर्वी एकट्याने काढून पाहावेत, कारण तिन्ही वस्तू गडातच निघाल्या तर उरलेल्या खोऱ्यात फिरण्याचे कारणच खेळाडूंना उरत नाही.