एसएसडी टाकली, पण रिकव्हरी पार्टिशनचं काय? दहा महिने वापरल्यानंतर

आमच्याकडची शकुंतला ही संथ रेल्वेगाडी बंद झाली त्याला आता काही वर्षं झाली, पण 2024च्या पावसाळ्यात ती माझ्या दुकानातल्या टेबलावर धावत होती. लॅपटॉप 2017चा, सहाव्या पिढीचा आय-थ्री, आत 1 टीबीची 5400 आरपीएमवाली हार्ड डिस्क. चालू करून चहा सांगायचा, चहा यायचा, पिऊन व्हायचा, तरी पडद्यावरचं ते गोल चक्र फिरतच. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. त्या जुलै-ऑगस्टात लाडकी बहीणचे अर्ज भरायला बायाबापड्या सकाळी आठपासून ओट्यावर बसायच्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो. दिवाळीच्या आधी तीन हजारांच्या आतली 480 जीबीची साटा एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर चालणारी डिस्क, घेतली.

वेगाबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. पंचवीसेक सेकंदात डेस्कटॉप येतो. लिहायचं आहे ते त्या लपलेल्या रिकव्हरी पार्टिशनबद्दल, म्हणजे डिस्कच्या त्या राखीव कप्प्याबद्दल, जिथून बिघडलेलं विंडोज दुरुस्त करता येतं. माझ्या तीन रात्री त्यातच गेल्या आणि दुकानाची लाजही त्यानंच राखली.

एसएसडी तालुक्याच्या एका दुकानातून बसवून आणली होती. मशीन झकास चालू झालं, मी खूश. आठ दिवसांनी सहज डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर एक ईएफआय (मशीन सुरू करणारं लहान पार्टिशन) आणि बाकी सगळा सी ड्राइव्ह. जुन्या डिस्कवर सी च्या पुढे आणखी दोन होते: 499 एमबीचं विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन आणि 13 जीबीचं लॅपटॉप कंपनीचं. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘रीएजंटसी /इन्फो’ ही रिकव्हरी चालू आहे का ते सांगणारी कमांड दिली, उत्तर आलं ‘डिसेबल्ड’. म्हणजे विंडोज बिघडलं तर स्वतःला दुरुस्त करायला त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, “भाऊ, थे कचरा असते, जागा खाते.”

पुण्याच्या भाच्याचंही तेच. “मामा, कशाला जीव काढताय? बिघडलं की पेन ड्राइव्हवरून फ्रेश विंडोज टाका.” त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. तिथे घरात दुसरा लॅपटॉप असतो, वायफाय असतं. इथे विंडोजची पाचेक जीबीची फाईल मोबाइलच्या नेटवर उतरवायची म्हणजे रात्रभर गच्चीवर फोन ठेवायचा आणि मधे लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून. ‘रीसेट’मधला क्लाउड डाउनलोडचा पर्याय वाचूनच हसू येतं. आणि ज्या मशीनवर पेन ड्राइव्ह बनवायचा, तेच तर बंद पडलेलं असतं! फ्रेश विंडोजनंतर बोटांच्या ठशाच्या यंत्राचे ड्रायव्हर, प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर हे सगळं परत बसवायचं, ते वेगळंच.

पहिल्या दोन रात्री मी मूर्खपणात घालवल्या. वाटलं, मोठं ते महत्त्वाचं. सी ड्राइव्ह आकसून 14 जीबी मोकळे केले, जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घातली, जीपार्टेड या पार्टिशन हलवायच्या प्रोग्रामच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून कंपनीचं 13 जीबीचं पार्टिशन जसंच्या तसं आणून चिकटवलं. सकाळी कंपनीच्या रिकव्हरीचं एफ11 बटण दाबलं तर ‘रिकव्हरी सापडत नाही’. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. हळूहळू लक्षात आलं की नवीन डिस्कवर त्या पार्टिशनची ओळख आणि जागा दोन्ही बदललेली असतात, आणि एफ11चा प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर जाऊन दार ठोठावतो. बरं, ते उघडलं असतं तरी आतून काय निघालं असतं? 2017 सालचं विंडोज 10, आवृत्ती 1703. म्हणजे त्यावर पुन्हा गाडीभर अपडेट उतरवा. जानेवारीत मी ते पार्टिशन उडवलं. कंपनीच्याच प्रोग्रामनं जुन्या डिस्कवरून 32 जीबीच्या पेन ड्राइव्हवर त्याची प्रत मात्र करून ठेवली. त्यानंतर त्या पेन ड्राइव्हला हात लावलेला नाही.

तिसऱ्या रात्री लहान पार्टिशनकडे वळलो आणि चाळीस मिनिटांत काम झालं. त्यातली खरी वस्तू एकच फाईल आहे, ‘विनआरई.विम’; दुरुस्तीचे सगळे पडदे तिच्यातच असतात. माझ्याकडची साडेचारशे एमबीच्या आसपास होती. जुनी डिस्क परत लॅपटॉपमध्ये बसवून सुरू केली आणि ‘रीएजंटसी /डिसेबल’ दिलं. नाव ऐकून भीती वाटते, पण यानं काही नष्ट होत नाही. ती फाईल लपलेल्या पार्टिशनमधून निघून सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम32, रिकव्हरी या फोल्डरात येऊन बसते. तिथून पेन ड्राइव्हवर घेतली आणि नवीन एसएसडीवर त्याच फोल्डरात टाकली. ही फाईल लपवलेली असते, ‘हिडन’ आणि ‘सिस्टम’ दोन्ही दाखवायला लावल्याशिवाय दिसत नाही. मी दहा मिनिटं फोल्डर रिकामा समजून शिव्या देत होतो.

मग नवीन डिस्कवर सी च्या अगदी पाठीला लागून 1024 एमबीचं पार्टिशन केलं. 499 का नको, ते जानेवारी 2024मध्येच कळलं होतं. तेव्हा केबी5034441 हा अपडेट रोज यायचा आणि 0एक्स80070643 हा आकडा दाखवून रोज पडायचा. कारण एवढंच, की रिकव्हरीच्या पार्टिशनमध्ये त्याला जागा पुरत नव्हती. मायक्रोसॉफ्टनं ते 250 एमबीनं वाढवायला सांगितलं होतं.  नवीन पार्टिशन सी च्या मागेच आहे, उद्या आणखी लागलं तर सी मधून कापून देता येतं.

डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडमध्ये त्या पार्टिशनला ‘सेट आयडी’नं रिकव्हरीचा प्रकार द्यावा लागतो, ‘डीई94बीबीए4’नं सुरू होणारा लांबलचक कोड. सोबत जीपीटी ॲट्रिब्यूट, म्हणजे पार्टिशन कसं वागावं ते ठरवणारा आकडा: आधी 8, मग चौदा शून्यं, शेवटी 1. मी पहिल्यांदा तेरा शून्यं टाकली. हे केलं की त्याला ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही आणि कुणी चुकून ‘नवीन ड्राइव्ह’ म्हणून त्यात फोटो भरत नाही. शेवटी ‘रीएजंटसी /इनेबल’ आणि परत ‘/इन्फो’. ‘इनेबल्ड’ दिसलं, खालच्या पत्त्यात नवीन पार्टिशनचा नंबर दिसला, तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते. तो नंबर बघायला विसरू नका. नुसतं ‘इनेबल्ड’ पुरत नाही, कधी कधी विंडोज ती फाईल सी वरच ठेवून मोकळं होतं. लॅपटॉपला एन्क्रिप्शन असेल तर 48 आकडी रिकव्हरी की या सगळ्याच्या आधी कागदावर उतरवून घ्या.

मे महिना कसा जातो ही शंका होती. बाहेर 45 अंश, वर टिनाचं छत, कूलरला पाणी नाही. डिस्कचं तापमान दुपारी 58पर्यंत गेलेलं पाहिलं, पण तक्रार नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो आजही तब्येत 98 टक्के सांगतं.

कसोटी लागली जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. एक रुपयाचा पीक विमा 2025मध्ये बंद झाल्यानं गर्दी आधीच्या वर्षांएवढी नव्हती, तरी ओट्यावर पंधरा-वीस जण होते. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली, आदल्या रात्री अपडेट चालू असताना लाइन गेली आणि इन्व्हर्टरनंही मान टाकली. सकाळी दोनदा चालू केला, दोनदा अर्ध्यात पडला. एक म्हातारबुवा उठून म्हणाले, “तुले होत नसन त सांग बा, मी दारव्ह्याले जातो. बस निघून जाईन माही.” तिसऱ्यांदा मात्र निळा पडदा आला: ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड, अनइन्स्टॉल अपडेट्स. शेवटचा क्वालिटी अपडेट काढायला सांगितला आणि हात जोडून बसलो. पंचवीस मिनिटांनी डेस्कटॉप आला. नेट लागलं नाही, पेन ड्राइव्ह लागला नाही. म्हातारबुवांचा फॉर्म पहिला भरला.

तक्रारी? एसएसडीच्या डब्यावर 480 आणि विंडोजमध्ये 447, हे मोजण्याच्या पद्धतीमुळे होतं, तरी खटकतंच. रिकव्हरीचे सगळे पडदे मात्र चांगले मोठ्या अक्षरात आहेत, चष्मा न लावता वाचता येतात. विंडोज 10चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025ला बंद झाले आणि सहाव्या पिढीच्या या मशीनवर 11 अधिकृतपणे चढत नाही, त्यामुळे नवीन लॅपटॉपचा खर्च आहेच.

पोळा झाल्यावर शेजारच्या गावचा केंद्रवाला त्याचा लॅपटॉप घेऊन आला. तालुक्याच्या त्याच दुकानातून एसएसडी बसवलेली. मी खुर्चीवर न बसताच ‘रीएजंटसी /इन्फो’ टाइप केलं.

डिसेबल्ड.

“जुनी डिस्क कुठे आहे बे?” विचारलं.

“थे त मी भंगारात देल्ली.”

त्याला माझी पेन ड्राइव्हवरची ‘विनआरई.विम’ फाईल दिली. विंडोज 10चीच आवृत्ती, दोघांचीही 22एच2, म्हणून जमलं.