बारा मिनिटांत बंद पडणारा सीपीयू आणि माझे साडेसात हजार

७,५०० रुपये. त्यातले ३,००० फोनवरून, ४,५०० रोख, आणि हातात एकाही पैशाचं बिल नाही. हे लिहिताना अजून कानशिलं तापतात. पण उद्या आणखी कोणी बाई त्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याच्या काउंटरवर आपला सीपीयू ठेवून घरी यायला नको, म्हणून लिहितेय.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, घरून फॉर्म भरून देते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, शिष्यवृत्ती, सातबारा. कॉम्प्युटर २०१२ सालचा. खोलीवर पत्रे, रस्त्यापलीकडे कापसाची जिनिंग. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४ ओलांडतो, आणि दाखल्यांची गर्दीही तेव्हाच. नेमका त्याच वेळी तो बंद पडायला लागला. चालू केला की बारा मिनिटं चालायचा आणि खटकन अंधार. निळी स्क्रीन नाही, काही सूचना नाही. लगेच चालू केला तर तीन मिनिटांत परत बंद. तासभर तसाच ठेवला की पुन्हा बारा मिनिटं.

ज्याला मशीन कळतं त्याने एवढं ऐकूनच ओळखलं असतं. मला नाही कळलं. मी फॉर्म भरणारी बाई, मला का कळावं? त्या दुरुस्तीवाल्याला कळायला हवं होतं, आणि त्याला ते कळलं होतं, हाच माझा संताप आहे.

पहिल्या खेपेला ‘व्हायरस’ म्हणून ४५० घेतले. तिसऱ्या दिवशी मी परत दारात. मग म्हणाला, “ताई, मदरबोर्ड गेला. सोबत एसएमपीएस पण उडालाय.” मदरबोर्ड ४,८००, एसएमपीएस म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा १,३५०, फॉरमॅट ६००, सर्व्हिस ३००. एकूण ७,०५०. मी घासाघीस केली नाही, कारण बाहेर लोक दाखल्यांसाठी खोळंबले होते. ‘दोन दिवसांत देतो’ म्हणणाऱ्याशी कोण भांडतं?

आता तो क्षण. त्याने सीपीयूचं झाकण काढून मशीन चालू केलं, आणि त्याच्यामागे भला मोठा कूलर घोंगावत होता. वाऱ्याचा झोत थेट उघड्या डब्यावर. मी स्टुलावर चाळीस मिनिटं बसले आणि माझा कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. एकदाही नाही! जो घरी बारा मिनिटं टिकत नव्हता तो तिथे चाळीस मिनिटं चालला, तेही काही दुरुस्त व्हायच्या आधी. बोर्ड गेलेला असता तर तो वाऱ्याने बरा झाला असता का? मुलगा घरी म्हणाला होता, “आई, डबा तव्यासारखा तापलाय.” तेही तिथे बसल्या बसल्या आठवलं. तरी पाकीट उघडलं. त्या चाळीस मिनिटांनी अजून माझी झोप उडते.

जुना बोर्ड मागितला तर म्हणे तो कंपनीला परत जातो. कुठेही जात नाही. तुमच्या पैशाने बदललेला जुना पार्ट तुमचाच असतो, तो मागून घ्या. दिला नाही तर समजा की बदललेलाच नाही.

घरी आणला, चौदा मिनिटांनी बंद. परत गेले तर म्हणाला, “तुमच्या घरच्या लाईटचा प्रॉब्लेम आहे. स्टॅबिलायझर घ्या, ३,२०० पडतील.” तेव्हा कुठे मी उठले.

बहिणीचा मुलगा जळगावहून आला होता, त्याने स्क्रू काढले. “मावशी, हे बघ.” प्रोसेसरवरचा पंखा उचलला, तर खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर कापसाच्या तुसाची जाड गादीच बसलेली. बोटाने धरून ओढली तर अख्खी सोलून आली, वाकळीच्या तुकड्यासारखी, कडेला काळी आणि आतून पांढरी. हवा जायला सुईएवढी वाट नव्हती. पंख्याच्या चार खुंट्यांपैकी एक सुटलेली. प्रोसेसरची उष्णता पात्यांकडे नेणारी खालची पेस्ट वाळून भिंतीच्या चुन्यासारखी पापुद्रे धरलेली. साफ करण्याआधी त्याने बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या सेटिंगच्या स्क्रीनवर, तापमान दाखवलं होतं, आकडा डोळ्यांदेखत ९६ वर गेला. शंभरीच्या आसपास गेलं की जळू नये म्हणून प्रोसेसर स्वतःच मशीन बंद करतो. त्यात बिघाड नव्हताच, तो बिचारा जीव वाचवत होता. पेस्टची ट्यूब १२० रुपयांना आली. तेव्हापासून दिवसभर चालतोय.

आणि तो ४,८०० चा ‘नवा’ बोर्ड? त्यावर २०१२ सालचं वॉरंटीचं स्टिकर, फिकट शाईतली तारीख अजून वाचता येते. माझाच बोर्ड मला विकला. वर २ जीबीच्या दोन रॅमपैकी एक गायब. दुकानात देण्याआधी झाकण काढून आतला फोटो घ्या, दोन मिनिटं लागतात.

पोलीस चौकीत अडीच तास बसवलं. मग उत्तर मिळालं, हे दिवाणी प्रकरण आहे, बिल असेल तर बघू. एकाने तर तोंडावर विचारलं, “तुम्ही कॉम्प्युटरचंच काम करता आणि तुम्हालाच कळलं नाही?” चोरी करणाऱ्याला नाही, मला विचारलं! दुसऱ्या कचेरीत साहेब जेवायला गेलेले, चार वाजता आले आणि अर्ज न वाचता म्हणाले, तुम्ही धंदा करता, तुम्ही ग्राहकच नाही. मी मान खाली घालून घरी आले. हे धादांत चूक आहे हे मला नंतर कळलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरत नाहीत. बिल न देणं हीच त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, दोन वर्षांची मुदत असते, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पगार घेणाऱ्या एकाही माणसाने यातलं एक अक्षर सांगितलं नाही. मी रात्री स्वतः वाचून काढलं. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, लिहून ठेवा. आणि रोख देऊ नका. ते ३,००० फोनवरून गेले म्हणून निदान तेवढा पुरावा तरी आहे.

सासूबाई म्हणाल्या, “पैसा गयात ना, आते रडीसन काय उपेग?” पैशासाठी रडत नाहीये मी. त्याने न विचारता फॉरमॅट मारला, त्यात डेस्कटॉपवरचे ११ मुलांच्या कागदपत्रांचे स्कॅन गेले. लोकांनी विश्वासाने दिलेले. दुकानात नेण्याआधी पेनड्राइव्हवर कॉपी घेतली नाही ही मात्र माझी चूक, ती मान्य करते.

तक्रार लिहून झाली आहे. तुसाची गादी, स्टिकरचा फोटो आणि ३,००० ची नोंद एका फाईलमध्ये ठेवलीय. अकरापैकी नऊ जण कागद पुन्हा देऊन गेले. उरलेल्या दोन मुली शेतावरच्या वस्तीवर राहतात, त्यांच्याकडे उद्या सकाळी ऊन चढायच्या आत मी स्वतः जाणार आहे.