शुक्रवारी पापण्यांचं ऑपरेशन, सोमवारी ऑफिस: त्या जाहिरातीनंतर माझ्यासोबत काय झालं

पापण्यांचं कॉस्मेटिक ऑपरेशन, म्हणजे ब्लेफरोप्लास्टी, करायचा विचार असेल तर हे आधी वाचा. माझं ऑपरेशन पुण्यातल्या एका एस्थेटिक क्लिनिकमध्ये झालं. तक्रार चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही. फसवणुकीची पद्धत मात्र सगळ्यांना कळायला हवी. जे आपोआप बरं होणार होतं त्याचे त्यांनी माझ्याकडून पैसे घेतले. आणि ज्याला खरोखर उपचार हवे होते, ते ‘होईल आपोआप’ म्हणून सोडून दिलं.

माझं वय 53. वरच्या पापण्यांची कातडी ओघळून केसांवर टेकली होती, संध्याकाळी डोळे जड व्हायचे. क्लिनिकने 70 हजारांचं पॅकेज सांगितलं. टाके काढणं आणि सहा महिन्यांच्या तपासण्या त्यातच धरलेल्या. बिल मागितलं तर काउन्सेलर म्हणाली, “बिलावर 18 टक्के जीएसटी लागेल, मॅडम.” ते खरं आहे. आजारावरच्या उपचारांना जीएसटीतून सूट असते, पण निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला ती मिळत नाही. मी कर भरला. बिल हातात आलं तेव्हा त्यावर ‘स्किन केअर पॅकेज’ एवढंच होतं. डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, ऑपरेशनचा उल्लेखही नाही.

जाहिरातीतलं वाक्य होतं, ‘शुक्रवारी या, सोमवारी ऑफिसला जा.’ या ऑपरेशननंतरची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. म्हणजे सोमवार हा नेमका सगळ्यात वाईट दिवस. माझे डोळे फटीएवढे उघडत होते आणि काळंनिळं पार गालांवर उतरलं होतं. हे सगळं नेहमीचंच असतं, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं. काळंनिळं आधी हिरवट, मग पिवळं होतं आणि बहुतेकांचं दहा ते चौदा दिवसांत जातं. एक बाजू जास्त सुजते, दुसरी कमी. टाके साधारण पाच ते सात दिवसांत निघतात. व्रण काही आठवडे, कधी काही महिने गुलाबी राहतो आणि मग घडीत मिसळून जातो. पापणीचा खरा आकार ठरायला दोन-तीन महिने तरी लागतात.

क्लिनिकमध्ये यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही. टाके काढायला गेले तेव्हा काउन्सेलरने माझ्या चेहऱ्याचा फोटो काढला, मोठा करून मला दाखवला आणि म्हणाली, “उजवीकडे पाणी साठतंय. ड्रेनेज केलं नाही तर इथे कायमची गाठ राहील.” आरशात बघवत नाही अशा अवस्थेतल्या बाईला हे सांगितल्यावर ती काय करणार? एका सेशनचे 3500 रुपये. एक मुलगी थंड रोलर आणि एक मशीन डोळ्यांभोवती फिरवायची. सूज उतरली, कारण ती उतरायचीच होती. पुढे व्रण लाल आहे म्हणून 18 हजारांचं ‘स्कार लेझर’ गळ्यात मारलं. पॅकेजमधल्या तपासण्यांचं विचारलं तर उत्तर आलं, “त्या सरांच्या तपासण्या, हे हीलिंग पॅकेज वेगळं.” आणि सर कधी भेटलेच नाहीत.

याच काळात माझी एक तक्रार मी प्रत्येक वेळी सांगत होते. सकाळी उठल्यावर उजवा डोळा लाल, वाळू गेल्यासारखा खुपायचा, उजेड सोसायचा नाही. एका रात्री यजमानांनी मोबाइलवर फोटो काढला. मी गाढ झोपेत होते आणि उजव्या पापणीखालून बुबुळाखालचा पांढरा भाग दिसत होता. डोळा मिटतच नव्हता. फोटो क्लिनिकला पाठवला. उत्तर आलं, “नॉर्मल आहे मॅडम, स्किन सैल होईल,” आणि त्याखाली लेझरच्या पुढच्या तारखेची आठवण.

शेवटी ऑक्युलोप्लास्टी, म्हणजे पापण्या आणि डोळ्यांभोवतालच्या शस्त्रक्रिया, करणाऱ्या एका नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी डोळ्याला केशरी रंगाची कागदी पट्टी टेकवली, निळा दिवा लावला आणि यजमानांना मशीनमधून बघायला सांगितलं. बुबुळाच्या खालच्या भागात हिरव्या ठिपक्यांचा पट्टा चमकत होता. रात्रभर उघडा राहून डोळ्याचा पृष्ठभाग सुकून सोलला गेला होता. मग त्यांनी भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत मोजपट्टी धरली. तिथे साधारण 20 मिलिमीटर कातडी राखतात. माझ्या उजवीकडे 16 होती, म्हणजे कातडी जास्त कापली गेली होती आणि म्हणून डोळा मिटत नव्हता. डोळ्यांचा कोरडेपणा ऑपरेशनआधी तपासला होता का, असं त्यांनी विचारलं. पाच मिनिटं पापणीत कागदाची पट्टी ठेवून होणारी साधी तपासणी. पाळी गेलेल्या बायकांमध्ये कोरडेपणा सर्रास असतो, तरी क्लिनिकमध्ये कुणी ती केली नव्हती.

पहिले काही दिवस सुजेमुळे पापणी पूर्ण न मिटणं बऱ्याच जणांना होतं, असं त्या म्हणाल्या. पण तेव्हाही दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री मलम लागतंच. मला मिळालेल्या सूचनांच्या कागदावर फक्त टाक्यांचं मलम होतं. त्याहून गंभीर गोष्टही त्यावर नव्हती, म्हणून ती इथे लिहिते. ऑपरेशननंतर, विशेषतः पहिल्या चोवीस तासांत, एका डोळ्यात असह्य दुखू लागलं, डोळा टणक होऊन पुढे आला किंवा अंधुक दिसू लागलं, तर डोळ्यामागे रक्तस्राव झालेला असू शकतो. असं क्वचित होतं, पण तास-दीड तासात दृष्टी जाऊ शकते. क्लिनिकच्या फोनची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं. माझ्या क्लिनिकचा नंबर रात्री आठनंतर बंद असायचा.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरची नोंदणी बघता येते. माझ्या ‘सर्जन’च्या नावापुढे फक्त एमबीबीएस आहे, अतिरिक्त पदवी कोणतीच नाही. भिंतीवर फ्रेम केलेल्या फेलोशिपा म्हणजे प्लास्टिक सर्जरीची किंवा नेत्रशल्याची पदवी नव्हे. नोंदणी क्रमांक पावतीवर आणि प्रिस्क्रिप्शनवर असणं 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेने बंधनकारक आहे. त्याच संहितेनुसार रुग्णाने मागितल्यापासून 72 तासांत त्याची कागदपत्रं द्यावी लागतात. मी लेखी अर्ज दिला, पोच घेतली. आली ती फक्त संमतिपत्राची झेरॉक्स, ऑपरेशनची नोंद नाहीच.

सध्या रात्री जेल आणि पापणीला चिकटपट्टी लावून झोपते. डोळ्याचे ठिपके भरून आलेत, पापणी अजून थोडी उघडी राहते. कातडीचा तुकडा लावायचा का, ते काही महिन्यांनी ठरेल. कौन्सिलकडे तक्रार दिली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगातही. तिथे दोन वर्षांची मुदत असते. कॉस्मेटिक क्लिनिकचे पैसे भरलेला रुग्णही ग्राहकच असतो. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक माहिती मिळते. कुणाला असंच ‘हीलिंग पॅकेज’ विकलं गेलं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका. तक्रारीसोबत मी जोडलेला सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे तो झोपेतला फोटो आणि त्याखालचं त्यांचं ‘नॉर्मल आहे मॅडम’.