जुन्या स्पीकरचे ५०० रुपये वजा केले आणि स्पीकर दारातच!

गाडीत म्युझिक सिस्टीम बसवून घेणार असाल, तर काढलेले जुने स्पीकर आधी हातात मागून घ्या. फाटके असोत, खरखरणारे असोत, मागाच. आमच्या दुकानदाराने ते 'एक्स्चेंज'मध्ये घेतल्याचं सांगून माझ्या स्विफ्टच्या हिशोबातून ५०० रुपये कमी केले होते. पुढे काच अडकायला लागली म्हणून इलेक्ट्रिशियनने दाराचं पॅड उघडलं, तर तेच कंपनीचे स्पीकर जागच्या जागी! साडेसहा इंची कंपोनंट सेटचे (जाड आवाजाचा वूफर, बारीक आवाजाचा ट्विटर आणि दोघांत आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर) पैसे घेतले होते, त्यातले फक्त ट्विटर काचेच्या कोपऱ्यात दिसतील असे चिकटवलेले. वूफर नाही, क्रॉसओव्हरचा डबा नाही. ट्विटरच्या वायरीला जाड आवाज अडवणारा एक कपॅसिटर डकवला की झालं काम.

हे खपतं, कारण ट्विटर कानाजवळ असतो. नव्या हेड युनिटचा, म्हणजे डॅशबोर्डवरच्या स्टिरिओचा, बेस-ट्रेबल कमीजास्त करणारा इक्वलायझर आधीच चढवून ठेवलेला असतो आणि डिकीत सबवूफर धडधडत असतो. गिऱ्हाईक खूश होऊन पैसे मोजतं. दुकानातल्या बोर्डावर ऐकवलेला सेट अस्सलच होता, त्याबद्दल तक्रार नाही. तो तिथेच राहिला, एवढंच.

मग बाकीचंही उघडायला लावलं. अ‍ॅम्पवर (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर) भलंमोठं '४००० वॉट' छापलेलं, आणि मागे २० अँपिअरचे दोन फ्यूज. इंजिन चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट धरा. ४० अँपिअरने गुणलं तर ५७६ वॉट, तेही अ‍ॅम्प आत खेचतो ते. अ‍ॅम्प क्लास एबी (जास्त तापणाऱ्या रचनेचा) असेल तर त्यातले जवळपास निम्मे उष्णतेत जातात. म्हणजे आवाजाच्या वाट्याला ३०० वॉट आले तरी खूप. खरोखर ४००० वॉट हवे असतील तर पावणेतीनशेहून जास्त अँपिअर लागतील, आणि छोट्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर चालणारं वीज बनवणारं यंत्र) त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, आरएमएस (सतत मिळणारे खरे वॉट) किती आणि स्पीकरच्या किती ओहम रोधावर ते विचारा. सांगता येत नसेल तर फ्यूज बघा. छापलेले वॉट काहीही असोत, फ्यूज फारसा खोटं बोलत नाही.

सगळ्यात जास्त राग आला तो वायरीचा. बाहेरून जाडजूड लाल वायर, ब्लेडने तार खरवडली तर आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम, वर तांब्याचा नुसता मुलामा. अशी वायर वापरता येते, पण ती तांब्यापेक्षा बरीच कमी वीज वाहते, त्यामुळे जास्त जाड घ्यावी लागते. इथे दर तांब्याचा लावलेला. आणि बॅटरीजवळ फ्यूजच नाही! तो बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत हवा. नसेल आणि वायर कुठे पत्र्याला घासून सोलली गेली, तर थेट आगीशी गाठ. पैसे गेले तर गेले, हा मात्र जिवाशी खेळ आहे.

अँड्रॉइड स्टिरिओचं थोडक्यात सांगतो. सेटिंगमध्ये दिसणारी रॅम आणि अँड्रॉइडची आवृत्ती खोटी दाखवता येते. हार्डवेअर तपासणारं एखादं अ‍ॅप टाकून दुकानातच बघा. आमचा '८ जीबी'वाला २ जीबीचा निघाला.

माल तुमच्यासमोर खोक्यातून काढायला लावा, बसवताना तिथेच उभे राहा आणि खोकी घरी आणा. चहा मागवून "साहेब, तुम्ही एसीत बसा" असं प्रेमाने म्हणाले तरी हलू नका. बिल पक्कं, मॉडेल नंबरासकट. आम्हाला "पक्क्या बिलाला जीएसटी वेगळा" म्हणून कच्ची चिठ्ठी दिली होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, हे दुकानदाराला तोंडावर सांगा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं असेल तर दोन वर्षांची मुदत असते.

जाब विचारायला गेलो तेव्हा "पोरानं गडबड केली, आत्ता बसवून देतो" हे ठरलेलं उत्तर मिळालं. दाराचे फोटो होते, म्हणून हेल्पलाइनवर तक्रार गेल्यावर स्पीकर सेटचे पैसे परत आले. अ‍ॅम्पच्या बाबतीत मात्र तो चिठ्ठीवर बोट ठेवतो: "इथे अ‍ॅम्प लिहिलंय, अ‍ॅम्प दिलाय." तो वाद अजून चालू आहे.