कोकरू खच्ची करताना: लिग्नोकेन की मेलोक्सिकॅम?

मुरबाड-शहापूर पट्ट्यात करडं-कोकरं खच्ची करायला बर्डिझो चिमटा, म्हणजे कातडी न कापता वरूनच अंडाची शीर चिरडणारा चिमटा, बरा पडतो. उघडी जखम होत नाही, त्यामुळे आपल्या ओल्या हवेत अळ्या पडायची भीती कमी. पण रक्त दिसलं नाही म्हणून दुखलं नाही, असं नसतं. चिमटा बसतो तेव्हाची कळ एक, आणि नंतर सूज चढते तेव्हाचा ठणका वेगळा. दोन औषधांतला फरक इथेच आहे.

लिग्नोकेन जागा बधिर करतं, म्हणजे पहिली कळ अडवतं. पण मात्रा फार जपून. दोन टक्क्यांच्या बाटलीत एका मिलीत 20 मिलिग्रॅम असतं. लहान जिवाला किलोमागे 4 मिलिग्रॅमवर थांबलेलं बरं, म्हणजे पाच किलोच्या कोकराला दोन्ही बाजू मिळून फक्त 1 मिली. एवढंसं औषध पसरत नाही, म्हणून तितकंच सलाईन मिसळून प्रत्येक बाजूच्या अंडाच्या शिरेभोवती 1 मिली सोडतात. आधी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना, ते बघायचं. मात्रा जास्त झाली तर अंग थरथरतं, झटके येतात. टोचल्यावर पाच मिनिटं थांबावंही लागतं. रांगेत वीस पिल्लं असली की हे थांबणंच पहिलं गळतं, मग टोचूनही उपयोग नाही.

मेलोक्सिकॅम बधिर करत नाही, सूज आणि ठणका उतरवतं. किलोमागे 0.5 मिलिग्रॅम धरलं तर 5 मिलिग्रॅम प्रति मिलीच्या बाटलीतून पाच किलोला 0.5 मिली. पॅरासिटामॉल मिसळलेली बाटलीही मिळते, तिचा हिशोब वेगळा, लेबल वाचूनच घ्या. हगवण लागलेल्या, सुकलेल्या पिल्लाला देऊ नये, मूत्रपिंडावर ताण येतो.

माझा कल मेलोक्सिकॅमकडे झुकतो, आणि त्याला कारण लिग्नोकेनची एकच खोड. त्याचा असर तास-दीड तासात ओसरतो. डॉक्टर सकाळी काम उरकून पुढच्या गावाला गेलेले असतात, आणि दुपारी पिल्लू पाठ वाकवून, पाय फाकवून उभं राहतं, पोटाकडे लाथा झाडतं, आईच्या सडाला तोंड लावत नाही. तेव्हा जवळ कुणीच नसतं. मेलोक्सिकॅम दिलेली पिल्लं संध्याकाळी पिताना दिसतात, निदान माझ्या पाहण्यात तरी.

अर्थात डॉक्टर दोन्ही द्यायला तयार असतील तर प्रश्नच मिटला. चिमट्याऐवजी अंडाच्या वर घट्ट रबरी रिंग लावणार असाल तर मात्र माझं पारडं फिरतं. तिथे सगळ्यात जास्त कळ पहिल्या तास-दोन तासांत असते, म्हणून लिग्नोकेन टाळू नये, आणि धनुर्वाताच्या लशीचं आधीच विचारून घ्यावं.

मेडिकलमधून माणसांचं डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध आणून टोचू नका. ते दिलेलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे.

डॉक्टर आले की आधी सगळी पिल्लं गोणपाटात घालून लटकत्या काट्यावर तोलून घ्या, अंदाजाने वजन धरू नका. एक मिलीच्या सिरिंजने सगळ्यांना मेलोक्सिकॅम टोचून होऊ द्या. अर्धा तास गेला की त्याच क्रमाने चिमटा, आणि कानाचा बिल्ला सगळ्यात शेवटी.